दुमडलेलं पान : पालक आणि लेखक म्हणून कुमार कादंबरी वाचताना

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



विषय ठरला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. मुलांसाठी लिहितो, घरात एक मुलगी आहे, म्हणजे दोन्ही बाजू आपल्याला माहीत आहेत असं मला वाटलं. तयारीला बसल्यावर लक्षात आलं, की दोन्ही बाजूंनी मी बराच काळ चुकीचं वाचत आलो होतो. तेव्हा आज त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. एका रविवारी तिच्या खोलीतली चादर बदलताना उशीखाली एक इंग्रजी कादंबरी सापडली. नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर नंतर प्रश्नोत्तरांत आपण त्या एकाच पुस्तकावर बोलत बसू. त्यात शाळेत जाणारी एक मुलगी आहे. ती रोज डबा घेऊन जाते आणि न खाता टाकून देते. घरी कुणाला पत्ता नाही. हा प्रसंग ज्या पानावर होता, त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

मी तिथेच पलंगावर बसून पन्नासेक पानं वाचली. वाचली म्हणजे काय, झडती घेतली. गोष्ट कुठे चालली आहे, माणसं कशी आहेत, याकडे माझं लक्षच नव्हतं. माझ्या मुलीबद्दल काही सापडतंय का, एवढंच मी शोधत होतो. रात्री जेवताना अगदी सहज वाटेल अशा आवाजात विचारलं, "काय गं, डबा संपतो ना रोज?" ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बाबा, तू माझं पुस्तक वाचलंस?" मी हो म्हणालो. ती ताट उचलून आत गेली. त्यानंतर जवळपास दोन महिने तिचं एकही पुस्तक घरात बाहेर पडलेलं दिसलं नाही. सगळी कपाटात, आणि कपाटाला किल्ली.

त्या दुमडलेल्या पानाचा खरा अर्थ मला दोन महिन्यांनी कळला. तो शेवटी सांगतो. आधी ही पुस्तकं आतून चालतात कशी ते बघू, कारण ते माहीत असतं तर मी त्या रात्री तो प्रश्न विचारला नसता.

'आत्ता' आणि 'तेव्हा'

'यंग ॲडल्ट' हा शब्द रुजवण्यात अमेरिकेतल्या ग्रंथपालांचा मोठा वाटा आहे. तिथल्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमध्ये १९५७ साली या वाचकांसाठी वेगळा विभाग झाला. वय साधारण बारा ते अठरा. मुलांच्या कपाटातली पुस्तकं त्यांना बाळबोध वाटायला लागलेली असतात आणि मोठ्यांच्या कपाटात आपलं असं काही सापडत नाही. १९६७ साली एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' आली. ती लिहिली तेव्हा त्या स्वतः शाळेत होत्या, आणि छापून आली तेव्हा अठरा वर्षांच्या. आपल्या वयाच्या मुलांबद्दल खरं सांगणारं काही वाचायला मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी स्वतःच लिहिलं.

आपल्याकडे 'कुमार' आणि 'किशोर' हे शब्द आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, ताम्हनकरांचा गोट्या आहे. पण एक गोष्ट बघा. किशोरवयाबद्दलची मराठीतली जी दोन पुस्तकं हल्लीच्या काळात सगळ्यात जास्त वाचली गेली असं आपण म्हणू, म्हणजे प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' आणि मिलिंद बोकिलांची 'शाळा', ती काही कुमारांसाठी म्हणून आलेली नाहीत. त्यातली मुलं किशोरवयीन आहेत, पण ती मोठ्यांनी वाचली. माझ्यासारख्यांनी वाचली, आपली शाळा आठवत, आपलं गाव आठवत. आपण ती 'तेव्हा' म्हणून वाचतो. चौदा वर्षांच्या मुलीला 'तेव्हा' नसतं. तिच्यासाठी ते 'आत्ता' असतं. पालक आणि मूल एकच पुस्तक वाचतात आणि दोन वेगळी पुस्तकं वाचून उठतात, त्याचं पहिलं कारण हे.

'शाळा' आली २००४ साली. मी तेव्हा तिशीच्या आत होतो. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. मी अक्षरशः हरखून गेलो होतो. पुढे कितीतरी वर्षांनी मोठ्या हौसेने ती मुलीच्या हातात दिली. तिने वाचली, आवडलीही. पण तिचा पहिला प्रश्न होता, "तो सारखा तिच्या मागावर असतो, तिला कसं वाटत असेल, हे तुम्हाला कुणाला वाटलं नाही?" मी म्हटलं, "अगं, ते त्याच्या नजरेतून आहे ना." ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी."

आता ही कादंबरीची खोट आहे असं मी म्हणणार नाही. जोशीच्या नजरेतून गोष्ट सांगायची ठरवली, की शिरोडकरच्या मनातलं आपल्याला तो जेवढं ओळखतो तेवढंच कळणार. पण इतक्या वर्षांत मला ती रिकामी जागा दिसलीच नव्हती, कारण मी जोशीच्या शेजारच्या बाकावर बसून वाचत होतो. माझी मुलगी मुलींच्या बाकावर बसून वाचत होती.

पालकांना आधी बाहेर काढायचं

आता लेखकाच्या कामाकडे येऊ. कुमार कादंबरी लिहायला बसलेला माणूस सगळ्यात आधी एक काम करतो. तो आईवडिलांना खोलीबाहेर काढतो.

आठवून बघा. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात विद्याभवनच्या वसतिगृहात आहे. लंपन आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. हॅरी पॉटर पोरका आहे. सुझन कॉलिन्स यांच्या २००८ सालच्या 'द हंगर गेम्स'मधल्या कॅटनिसचे वडील खाणीतल्या स्फोटात गेलेत आणि आई त्या दुःखाने अशी मिटून गेली आहे, की घर चालवायची जबाबदारी या मुलीवर येऊन पडली आहे.

असं का करतात? लेखकांना आईवडिलांचा राग असतो म्हणून नाही. कारण साधं आहे. जबाबदार मोठा माणूस जोपर्यंत त्या खोलीत आहे, तोपर्यंत निर्णय तो घेतो. आणि जो निर्णय घेतो, गोष्ट त्याची होते. बनेशचे वडील जर प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर पोलीस चौकीत गेले असते, तर ती पुस्तकं फेणेकाकांची झाली असती. मुलाला स्वतः ठरवायला लावायचं, चुकायला लावायचं आणि त्या चुकीची किंमत मोजायला लावायची, तर मोठ्यांना थोडं लांब ठेवावंच लागतं.

मग पालक म्हणून आपण असं पुस्तक उघडतो तेव्हा काय होतं? पहिल्या दहा पानांतच आपली रवानगी झालेली असते. पुस्तकातले आईवडील एकतर गेलेले असतात, किंवा कामात असतात, किंवा त्यांना काही म्हणजे काही कळत नसतं. आपल्याला ते लागतं. 'असे कुठे आईबाप असतात का' असं आपण म्हणतो. मीही म्हणालो होतो. डबा टाकणाऱ्या मुलीची आई इतकी कशी बेसावध, असं वाटून मला तिचा रागच आला होता. हा राग वाङ्मयीन नव्हता. माझी बाजू मांडायला त्या पुस्तकात कुणी नव्हतं, त्याचा तो राग होता.

सांगणारा कुठे उभा आहे

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गोष्ट सांगणारा, घडलेल्या घटनेपासून किती अंतरावर उभा आहे?

साने गुरुजींचं 'श्यामची आई' घ्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक. त्याची रचना आठवा. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. श्याम पोहायला जायला घाबरून लपतो आणि आई त्याला मारते, हा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. पण तो सांगणारा श्याम आता मोठा आहे, आई तेव्हा तशी का वागली हे त्याला समजलेलं आहे. मार आणि मायेचा अर्थ एकाच रात्री, एकाच बैठकीत मिळतो. म्हणून पालकांना ते पुस्तक मुलांच्या हातात द्यायला भीती वाटत नाही. आत एक शहाणा माणूस बसलेला आहे.

लंपन वेगळा आहे. तो मुलाच्याच आवाजात बोलतो, पण त्याला जे कळत नाही ते आपल्याला, मोठ्या वाचकाला, कळत राहतं. घरापासून तोडलं गेल्याचं त्याचं दुःख तो धड बोलूनही दाखवत नाही, आणि आपल्या घशात आवंढा येतो. इथे शहाणा माणूस पुस्तकात नाही. तो वाचकाच्या खुर्चीत बसलेला आहे.

आजच्या बऱ्याचशा यंग ॲडल्ट कादंबऱ्यांत हे दोन्ही नसतं. कॅटनिस 'मी'मध्ये बोलते आणि वर्तमानकाळात बोलते. उद्या आपण जिवंत असू का, हे तिला माहीत नाही. 'पुढे मला कळलं' असं म्हणायला तिच्याकडे 'पुढे' नाही. आणि वाचकही पंधराच वर्षांचा आहे. म्हणजे पुस्तकात शहाणा माणूस नाही आणि खुर्चीतही नाही. पालकांना जी धास्ती वाटते तिचं मूळ इथे आहे. वाईट गोष्टी 'श्यामची आई'मध्येही घडतात. गरिबी आहे, अपमान आहे, आईचा मृत्यू आहे. पण तिथे कुणीतरी हात धरून आपल्याला त्यातून नेतं. इथे हात सोडलेला असतो.

तरी मुलं हेच का वाचतात? कारण त्यांचं रोजचं जगणं याच काळात चाललेलं असतं. 'पुढे तुला कळेल' हे वाक्य ती दिवसातून चारदा ऐकतात. ते वाक्य न म्हणणारं पुस्तक त्यांना हवं असतं.

लेखकच जेव्हा पालक असतो

आता दोन खऱ्या गोष्टी सांगतो. दोन्ही अमेरिकेतल्या, दोन्ही सत्तरच्या दशकातल्या, आणि दोन्हींत लेखक हा पालकही आहे.

पहिली ज्युडी ब्लूम यांची. त्या काळच्या कादंबऱ्यांत एखाद्या मुलीचे प्रियकराशी शरीरसंबंध आले, की तिला शिक्षा ठरलेली. ती मरणार, नाहीतर तिचं आयुष्य उद्ध्वस्त होणार. ब्लूम यांच्या किशोरवयीन मुलीने आईला सांगितलं, की दोन चांगली मुलं एकमेकांच्या प्रेमात पडतात, जवळ येतात आणि तरी कुणी मरत नाही, अशी एखादी गोष्ट लिही. त्यातून १९७५ साली 'फॉरेव्हर' आली. किती शाळांनी आणि ग्रंथालयांनी ती काढून टाकली, याची गणती नाही. पण मला त्यातला पहिला क्षण महत्त्वाचा वाटतो. मुलीने आईकडे परवानगी मागितली नव्हती. तिने वाचक म्हणून लेखिकेकडे एक पुस्तक मागितलं होतं. आणि आईने ते तसंच ऐकलं.

दुसरी रॉबर्ट कॉर्मियर यांची. मॅसॅच्युसेट्समधले वर्तमानपत्रात काम करणारे गृहस्थ. त्यांच्या मुलाच्या शाळेने निधी जमवायला मुलांना चॉकलेटं विकायला दिली. मुलाने विकायला नकार दिला. घरच्यांनी त्याला पाठिंबा दिला आणि विषय मिटला. काहीही वाईट झालं नाही. पण कॉर्मियर यांच्यातला लेखक तिथे थांबला नाही. आणि घरच्यांचा पाठिंबा नसता तर? शाळा चिडली असती तर? वर्गातली मुलं उलटली असती तर? १९७४ साली 'द चॉकलेट वॉर' आली. त्यातल्या जेरीची आई वारली आहे, वडील आपल्या दुःखात हरवलेले आहेत, आणि तो एकटाच 'नाही' म्हणतो. त्याला त्याची भयंकर किंमत मोजावी लागते. शेवट बदला, जरा आशा दाखवा, असं प्रकाशकांकडून सांगण्यात आलं. कॉर्मियर यांनी बदलला नाही.

विचार करा. बाप म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलाला वाचवलं. लेखक म्हणून जेरीला वाचवलं नाही. यात विसंगती आहे असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. घरातल्या मुलाचा प्रश्न 'आता मी काय करू' असा असतो, आणि बापाने त्याच्या बाजूला उभं राहायलाच हवं. वाचणाऱ्या मुलाचा प्रश्न वेगळा असतो. 'एकटं पडल्यावर खरंच काय होतं?' त्याला खोटं उत्तर दिलं, तर तो पुन्हा आपल्याकडे पुस्तक मागायला येणार नाही.

'शेवटी बाबा आले'

आता माझ्या गोष्टीकडे परत येतो.

कपाटाला किल्ली लागली त्याच सुमाराला माझ्या एका कुमार कादंबरीचा खर्डा पूर्ण झाला होता. त्यात एक मुलगा आहे, त्याला वर्गात त्रास दिला जातो, तो घरी सांगत नाही. दीडशे पानं मी त्याला बऱ्यापैकी एकटं ठेवलं होतं. मग एका संध्याकाळी त्याचे वडील लवकर घरी येतात, त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतात, त्याच्याजवळ बसतात आणि बोलतात. सगळं सुटतं. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मुलीने तो खर्डा वाचला. बोलणं तुटलं होतं, पण वाचायला नाही म्हणाली नाही. शेवटच्या पानावर पेन्सिलीने तीन शब्द लिहून परत दिला. 'शेवटी बाबा आले.'

मी जाऊन विचारलं, काय बिघडलं त्यात? ती म्हणाली, "काही नाही. छानच आहे तो बाबा. पण मग त्या मुलाने काय केलं?" मी गप्प. खरंच, त्याने काहीच केलं नव्हतं. मी त्याला करू दिलं नव्हतं. दीडशे पानं त्याच्यावर लिहिली आणि शेवटी गोष्ट स्वतःच्या नावावर करून घेतली.

मग ती म्हणाली, "तू माझ्या पुस्तकाचंही तेच केलंस." आणि त्या दुमडलेल्या पानाबद्दल बोलली.

डबा टाकणारी मुलगी म्हणून तिने तो कोपरा दुमडला नव्हता. त्याच पानावर खाली तिची मैत्रीण आहे. ती हे रोज बघते आणि कुणाला सांगत नाही. सांगितलं तर मैत्री जाईल, नाही सांगितलं तर काय होईल कुणास ठाऊक. माझ्या मुलीच्या वर्गात अशी एक मुलगी होती. माझी मुलगी ती मैत्रीण होती. काय करावं हे तिला कळत नव्हतं आणि त्या पुस्तकात ती तेच शोधत होती. कदाचित माझ्याशी बोललीही असती. पण मी त्या रात्री डबा संपतो का म्हणून विचारलं, आणि तिला वाटलं, याला फक्त माझी झडती घ्यायची आहे.

दोन महिने. एक मुलगी जेवत नव्हती, दुसरीला ते माहीत होतं, आणि एक लेखक असलेला बाप चुकीच्या पात्राची काळजी करत बसला होता. त्यानंतर आम्ही जे करायचं ते केलं. आधी बायकोशी बोललो, मग माझ्या मुलीने स्वतः आपल्या वर्गशिक्षिकेला सांगितलं. मी बरोबर गेलो होतो, पण बाहेरच्या बाकावर बसलो. त्या दुसऱ्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगायचा हक्क मला नाही. मदत वेळेत सुरू झाली, एवढं सांगतो. दोन महिने आधी सुरू होऊ शकली असती, हेही सांगायला हवं.

मग वाचायचं कसं

नियम सांगणारा मी कोण. पण आता मी काय करतो ते सांगतो.

मुलीचं पुस्तक मी विचारून घेतो. "तुझं झालं की मला देशील का?" कधी ती नाही म्हणते. मग दुकानातून किंवा ग्रंथालयातून माझी वेगळी प्रत आणतो. तिच्या खुणा असलेली प्रत ही जवळजवळ तिची डायरी असते, हे मला उशिरा कळलं.

वाचताना पुस्तक संपेपर्यंत मी लेखकासारखं वाचायचा प्रयत्न करतो. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, कुणाला बोलायला मिळत नाहीये. मुख्य पात्र म्हणजेच आपलं मूल, असं धरून चालत नाही. आपलं मूल त्या पुस्तकात कुठेही असू शकतं. त्रास सोसणाऱ्यात, बघत राहणाऱ्यात, क्वचित त्रास देणाऱ्यातही. हे शेवटचं पचायला जड जातं, पण शक्यता आहे.

पुस्तकाबद्दल बोलताना मी पुस्तकाबद्दलच बोलतो. "ती मैत्रीण का गप्प बसली असेल?" असं विचारतो. "तुझ्या वर्गात असं कुणी आहे का?" हे विचारत नाही. पहिल्या प्रश्नात मुलाला आपल्याबद्दल न बोलता खूप काही बोलता येतं. दुसरा प्रश्न दार लावून घेतो. 'शाळा'तला नरूमामा आठवा. मुलं त्याच्याशी बोलतात, कारण तो धक्का न बसता ऐकतो.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो, कारण कुणीतरी याचा उलटा अर्थ काढेल. एखादं मूल प्रत्यक्षात जेवत नसेल, स्वतःला इजा करत असेल, जगण्याबद्दल निराशेने बोलत असेल, तर तिथे वाङ्मयचर्चा करत बसायचं नाही. सरळ बोलायचं, डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायचं. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६ या क्रमांकावर, तिथे पालकही फोन करू शकतात. पण तो अंदाज मुलाकडे बघून करायचा. त्याच्या उशीखालच्या पुस्तकाकडे बघून नाही. डबा टाकणाऱ्या मुलीबद्दल वाचणारं मूल डबा टाकतंच असं नाही, आणि डबा टाकणारं मूल कदाचित विनोदी पुस्तकं वाचत असेल.

माझ्या त्या कादंबरीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. शेवटची बावीस पानं काढून टाकली. आता वडील येतात, पण उशिरा. तोपर्यंत मुलाने एक गोष्ट स्वतः केलेली असते, थोडी चुकीची, थोडी धाडसाची. वडिलांना ती आवडत नाही. ते त्याच्याजवळ बसतात, आणि बराच वेळ दोघांपैकी कुणालाच काय बोलावं ते सुचत नाही. मुलीने हा खर्डाही वाचला. या वेळी पेन्सिलीने काही लिहिलं नव्हतं. मात्र एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. कोणतं पान ते मी पाहिलं. का, ते अजून विचारलेलं नाही.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.